कमांड लाइनवरून पार्टिशनचा बॅकअप आणि रिस्टोर : नेहमी विचारले जाणारे प्रश्न

चोपडा, यावल, अमळनेर, शिरपूर इकडची जी मंडळी दुकानावर येतात किंवा रात्री दहाला फोन करतात, त्यांचे प्रश्न साधारण हेच असतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय. पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा पाडलेला भाग, जसा विंडोजचा सी ड्राइव्ह. मुख्य भर पार्टिशनची इमेज घेणाऱ्या पार्टक्लोन या टूलवर आहे, सोबत डीडी, डीडीरेस्क्यू आणि एसएफडिस्क येतील. कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना त्याच इंग्रजी छोट्या अक्षरांत टाकायच्या, जिथं कॅपिटल लागतं तिथं तसं सांगितलंय.

मी कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर कॉपी करून ठेवतो, मग पार्टिशनचा वेगळा बॅकअप कशाला?

फाइली कॉपी करता ते चांगलंच आहे, ते बंद करू नका. पण डिस्क जाते तेव्हा फक्त फाइली जात नाहीत हो. विंडोज जातं, टॅलीचं सेटिंग जातं, प्रिंटरचे ड्रायव्हर जातात, सेवा केंद्रवाल्याचं बायोमेट्रिकचं आणि डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर जातं, फोटो स्टुडिओवाल्याचे वर्षानुवर्षं जमवलेले मराठी फॉन्ट आणि अल्बमचे टेम्प्लेट जातात, आणि हे सगळं परत बसवायला दोन दिवस लागतात, त्यात एखादी सीडी सापडत नाही ती नाहीच. पार्टिशनची इमेज, म्हणजे सगळ्या पार्टिशनची एका फाइलमध्ये घेतलेली कॉपी, असली तर नवीन डिस्क लावायची, इमेज ओतायची, दीड-दोन तासांत मशीन जसं होतं तसं उभं राहतं. थोडक्यात इमेज मशीनसाठी आणि फाइलींची कॉपी रोजच्या कामासाठी, दोन्ही लागतात. टॅलीचा डेटा रोज वेगळा घ्याच, कारण इमेज महिन्याची असेल तर महिन्याच्या एंट्री तिच्यात नसणार.

डीडी तर सगळीकडे असतं, मग पार्टक्लोनच का?

डीडी हे डिस्क जशीच्या तशी कॉपी करणारं टूल, त्याला फाइलसिस्टीम, म्हणजे फाइली डिस्कवर मांडायची पद्धत, काय असते ते माहीतच नाही. गोडाऊन भरलेलं असो की रिकामं, तो प्रत्येक कोपरा उचलून नेतो. १ टीबीच्या डिस्कवर १२० जीबीच माल असला तरी डीडी पूर्ण १ टीबी वाचणार. पार्टक्लोन आधी फाइलसिस्टीमचा नकाशा वाचतो, कुठले ब्लॉक (डिस्कचे छोटे कप्पे) वापरात आहेत ते बघतो आणि तेवढेच घेतो, म्हणजे १२० जीबीच. क्लोनझिला ज्यांनी वापरलंय त्यांनी नकळत पार्टक्लोनच वापरलाय, दोन्ही तैवानच्या एकाच सरकारी संगणक केंद्रातून आलेत आणि क्लोनझिलाच्या मेनूमागं काम हाच करतो.

पण याची दुसरी बाजू लक्षात ठेवा. डिलीट झालेल्या फाइली रिकाम्या समजलेल्या ब्लॉकमध्ये पडून असतात, त्या पार्टक्लोनच्या इमेजमध्ये येत नाहीत. कुणाच्या लग्नाचे फोटो चुकून उडाले आणि ते परत काढायचेत अशी केस असेल तर पार्टक्लोन नको, तिथं पूर्ण कॉपीच पाहिजे. तसंच जी फाइलसिस्टीम पार्टक्लोनला ओळखू येत नाही तिथंही डीडी.

कुठल्या कुठल्या फाइलसिस्टीम चालतात?

एनटीएफएस, फॅट, एक्सफॅट, ईएक्सटी२, ३ आणि ४, एक्सएफएस, बीटीआरएफएस आणि अजून काही. प्रत्येकासाठी वेगळी कमांड असते, पार्टक्लोन.एनटीएफएस, पार्टक्लोन.ईएक्सटी४ अशी. आपल्याकडच्या मशीनपैकी बहुतेकांना एनटीएफएस आणि ईएफआयच्या (मशीन बूट करणाऱ्या फाइलींच्या) छोट्या पार्टिशनसाठी पार्टक्लोन.व्हीफॅट एवढंच लागतं. लिनक्सच्या स्वॅप पार्टिशनची इमेज घ्यायची गरज नाही.

विंडोज चालू असताना बॅकअप घेता येईल का?

पार्टक्लोननं नाही. पार्टिशन माउंट, म्हणजे वापरासाठी जोडलेलं, असलं की तो कामच करत नाही, आणि ते बरोबरच आहे, कारण वाचता वाचता मागून कुणी लिहीत बसलं तर इमेज अर्धी जुनी अर्धी नवी होणार. पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारं लिनक्स, चालू करायचं. सिस्टमरेस्क्यू किंवा क्लोनझिला लाइव्ह घ्या, दोन्हींत पार्टक्लोन आधीपासून असतो. उबंटूचा लाइव्ह पेनड्राइव्ह असेल तर पार्टक्लोन आधी इन्स्टॉल करावा लागेल आणि त्यासाठी नेट लागेल, खेड्यावर गेल्यावर तिथंच गाडी अडते.

विंडोज शटडाउन केलं तरी पार्टक्लोन एनटीएफएसवर एरर देतो, का?

फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून शटडाउन म्हणजे खरं शटडाउन राहिलं नाही, ते अर्धं हायबरनेट असतं, त्यामुळं पार्टिशन नीट बंद झालेलं नसतं. विंडोजमध्ये ॲडमिन कमांड प्रॉम्प्ट उघडून पॉवरसीएफजी /एच ऑफ द्या. यानं फास्ट स्टार्टअपही जातं आणि हायबरफिल नावाची काही जीबीची फाइल पण उडते, म्हणजे इमेज तेवढी लहान. तरी एरर आला तर विंडोजमध्ये जाऊन चेकडिस्क करा (टाइप करताना सीएचकेडीएसके /एफ), रीस्टार्ट होऊ द्या, मग नीट शटडाउन करून परत या. कुणीतरी सांगतं फोर्सचा ऑप्शन लावून ढकल, तसं करू नका. खराब अवस्थेतली इमेज घेण्यापेक्षा पंधरा मिनिटं जास्त गेलेली बरी.

बरं, आता कमांड सांगा.

आधी डिस्क ओळखा:

एलएसबीएलके -ओ नेम,साइझ,मॉडेल,सीरियल,एफएसटाइप,लेबल

बॅकअपची डिस्क /एमएनटी/बॅकअप वर माउंट करा. मग समजा विंडोजचा सी ड्राइव्ह /डेव्ह/एसडीए३ आहे:

पार्टक्लोन.एनटीएफएस -सी -एस /डेव्ह/एसडीए३ -ओ /एमएनटी/बॅकअप/सी.आयएमजी

सी म्हणजे क्लोन, एस म्हणजे सोर्स, ओ म्हणजे आउटपुट. जागा वाचवायची असेल तर आउटपुट पाइपमधून (उभ्या रेघेच्या चिन्हानं) झेडएसटीडी या कॉम्प्रेस करणाऱ्या टूलकडे द्या:

पार्टक्लोन.एनटीएफएस -सी -एस /डेव्ह/एसडीए३ -ओ - | झेडएसटीडी -टी० > /एमएनटी/बॅकअप/सी.आयएमजी.झेडएसटी

इथला टी कॅपिटल आहे, टी० म्हणजे प्रोसेसरचे सगळे कोर वापर. जीझिप पण चालतं पण ते एकाच कोरवर चालतं, म्हणून हळू. फोटो आणि व्हिडिओ जास्त असतील तर कॉम्प्रेशनचा फारसा फायदा होत नाही, ते आधीच दाबलेले असतात.

वेळेचं म्हणाल तर सगळं पोर्टवर आहे. यूएसबी २ च्या पोर्टवर खरा वेग सेकंदाला ३०-४० एमबीच मिळतो, म्हणजे १०० जीबीला पाऊण तास धरा. निळ्या पोर्टला लावा, तिथं साधी हार्ड डिस्क पण १०० च्या आसपास जाते.

फक्त सी ड्राइव्हची इमेज घेतली, तेवढं पुरे ना?

नाही. डिस्क मेली आणि नवीन कोरी डिस्क आणली तर त्या कोऱ्या डिस्कवर पार्टिशनच नाही, सीची इमेज ओतणार कुठं? म्हणून पार्टिशन टेबल, म्हणजे कुठलं पार्टिशन कुठं आणि केवढं त्याची यादी, पण घ्या:

एसएफडिस्क -डी /डेव्ह/एसडीए > /एमएनटी/बॅकअप/टेबल.टीएक्सटी

ही साधी टेक्स्ट फाइल आहे, दोन-तीन केबीची, उघडून वाचता येते. हिच्यात पार्टिशनचे ओळख क्रमांक पण असतात, आणि विंडोजचं बूट त्या क्रमांकावरच चालतं म्हणून नवीन डिस्कवर हाताने पार्टिशन पाडण्यापेक्षा हीच फाइल परत ओतणं चांगलं. सोबत ईएफआय पार्टिशनची इमेज घ्या, साधारण १०० एमबीचं असतं, अर्ध्या मिनिटात होतं. एमएसआर नावाचं १६ एमबीचं पार्टिशन दिसेल, त्यात फाइलसिस्टीम नसते, ते सोडून द्या, टेबल ओतलं की ते आपोआप तयार होतं. रिकव्हरी पार्टिशन घेतलं तर चांगलं.

जुन्या बायोसच्या मशीनवर डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर, एमबीआर, तो डीडीनं घ्या. त्यातले पहिले ४४६ बाइट बूट कोडचे, ६४ टेबलचे आणि शेवटचे २ सहीचे.

रिस्टोर करताना चुकीच्या डिस्कवर ओतलं तर काय होतं?

या प्रश्नाचं उत्तर मी सवडीनं देणार आहे, कारण ते माझ्याकडून झालंय.

काही वर्षांपूर्वी ऐन कापसाच्या सीझनमध्ये एका जिनिंगच्या ऑफिसात गेलो होतो. जुनी डिस्क आवाज करत होती पण चालत होती, नवीन आणली होती, दोन्ही ५०० जीबी, दोन्ही एकाच कंपनीच्या. नवीन डिस्कवर विंडोजची तयार इमेज टाकायची आणि मग जुनीवरून डेटा आणायचा असं ठरलं. कमांड लिहिली, /डेव्ह/एसडीबी म्हणजे नवीन डिस्क हे बघून घेतलं, तेवढ्यात लाइट गेली. लाइट आल्यावर पेनड्राइव्हवरून परत बूट केलं, कमांड नोटमध्ये लिहिलेलीच होती, ती तशीच टाकली आणि एंटर दाबला. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग होती आणि मुनीमजी दर पाच मिनिटांनी विचारत होते, भाऊ झालं का. साधारण चाळीस सेकंदांनी माझं लक्ष गेलं की आवाज जुन्या डिस्कमधून येतोय. कंट्रोल-सी दाबला पण तोवर पार्टिशनच्या सुरुवातीचे दोन-तीन जीबी पुसून गेले होते आणि फाइली कुठं आहेत त्याचा पत्ता ठेवणारी एनटीएफएसची यादी साधारण तिथंच सुरू होते. रीबूट झाल्यावर एसडीए आणि एसडीबीची अदलाबदल झाली होती. लिनक्समध्ये ही नावं कायमची नसतात, कुठली डिस्क आधी जागी होते त्यावर ठरतात, हे मला माहीत होतं आणि तरी मी परत बघितलं नाही.

डेटा थोडाफार निघाला, टॅलीचा नाही. मुनीमजींनी कागदी पट्ट्यांवरून तीन आठवडे बसून परत एंट्री केल्या, सीझन चालू असताना, रात्री नऊ-दहापर्यंत. मला कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण ते दिवस मी विसरलो नाही.

तेव्हापासून मी जे करतो ते सांगतो, तुम्ही पण करा. जी डिस्क लागत नाही तिची केबल काढून ठेवायची, सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून लावून ठेवायची नाही. प्रत्येक डिस्कवर पांढरी टेप लावून तिच्या सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे मार्करनं मोठे लिहायचे. रिस्टोरच्या कमांडमध्ये एसडीए-एसडीबी लिहायचंच नाही, /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/ मधलं नाव लिहायचं, त्या नावातच मॉडेल आणि सीरियल नंबर असतो आणि शेवटी -पार्ट३ असा पार्टिशनचा आकडा, त्यामुळं कितीही वेळा रीबूट झालं तरी ते नाव त्याच डिस्ककडे जातं. आणि एंटरच्या आधी मी कमांडमधले शेवटचे चार आकडे मोठ्यानं वाचतो आणि समोरचा माणूस, मालक असो की पोऱ्या, टेपवरचे चार आकडे वाचतो. जुळले तरच एंटर. मालकांना सुरुवातीला विचित्र वाटतं, आता दोन-तीन ठिकाणी ते स्वतःच म्हणतात, थांब भाऊ, आकडे वाचू दे.

रिस्टोरची कमांड काय?

क्रम असा. नवीन डिस्कवर आधी टेबल:

एसएफडिस्क /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/तुमची-डिस्क < टेबल.टीएक्सटी

मग एक एक पार्टिशन:

पार्टक्लोन.एनटीएफएस -आर -एस सी.आयएमजी -ओ /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी/तुमची-डिस्क-पार्ट३

झेडएसटीडीनं दाबलेली असेल तर झेडएसटीडी -डीसी नं उघडून पाइपमधून द्यायची, आणि सोर्सच्या जागी नुसता डॅश, म्हणजे -एस - असं. आर म्हणजे रिस्टोर. सीच्या जागी आर आणि सोर्स-आउटपुट उलटे, एवढाच फरक, म्हणूनच जुनी कमांड वरच्या बाणानं आणून दुरुस्त करायची सवय इथं धोक्याची, सगळी नव्यानं टाइप करा.

घेतलेली इमेज चांगली आहे हे कसं कळणार?

पहिली पायरी, पार्टक्लोन.सीएचकेआयएमजी -एस सी.आयएमजी. पार्टक्लोन इमेजमध्ये चेकसम (पडताळणीचे आकडे) टाकत जातो, ही कमांड ते सगळे तपासते. दुसरी, इमेज झाली की लगेच एसएचए२५६सम या कमांडनं तिचा चेकसम काढून बाजूच्या फाइलमध्ये ठेवा आणि इमेज एका जागेवरून दुसरीकडे कॉपी केली की परत काढून जुळवा.

पण या दोन्हींतून फक्त एवढंच कळतं की फाइल लिहिली तशी आहे. मशीन त्यातून उभं राहील का हे कळत नाही. ते कळायला एकच मार्ग आहे, एखाद्या रिकाम्या डिस्कवर ती इमेज ओता, मूळ डिस्कची केबल काढा आणि मशीन त्या डिस्कवरून चालू करून बघा. टॅली उघडा, एक बिल प्रिंट करा. मी दुकानात एक जुनी १ टीबीची डिस्क फक्त यासाठी ठेवलीय. असं करून बघितल्यावरच मला कळलं की एका स्टुडिओच्या इमेजमध्ये ईएफआय पार्टिशनच घ्यायचं राहिलं होतं. ते त्या दिवशी कळलं म्हणून पाच मिनिटांत घेतलं. लग्नसराईत डिस्क गेल्यावर कळलं असतं तर?

लोक म्हणतात एवढा वेळ कुणाला आहे. मान्य आहे, पण पहिल्यांदा इमेज घ्याल तेव्हा एकदा तरी कराच, मग सेटअप बदलला तर परत.

नवीन डिस्क जुनीपेक्षा मोठी किंवा लहान असली तर?

मोठी असली तर सोपं. पार्टिशन टेबलच्या टेक्स्ट फाइलमधली लास्ट-एलबीए ही ओळ काढून टाका, नाहीतर नवीन डिस्कची पुढची जागा टेबलला दिसतच नाही. इमेज ओतल्यावर फाइलसिस्टीम मात्र जुन्याच मापाची राहते, पार्टिशन मोठं केलं तरी. ईएक्सटी४ असेल तर ई२एफएससीके -एफ करून मग रीसाइझ२एफएस. विंडोजमध्ये पार्टिशन मोठं दिसतंय पण ड्राइव्ह जुन्याच साइझचा दिसतोय असं झालं तर डिस्कपार्टमध्ये तो व्हॉल्यूम सिलेक्ट करून एक्स्टेंड फाइलसिस्टीम द्या. सीच्या लगेच पुढं रिकव्हरी पार्टिशन असेल तर आधी जीपार्टेड या पार्टिशनच्या टूलमध्ये ते डिस्कच्या शेवटाकडं सरकवावं लागतं.

लहान असली तर आधी मूळ पार्टिशनच आवळावं लागतं, इमेज घेण्याच्या आधी. १ टीबीच्या हार्ड डिस्कवरून ५०० जीबीच्या एसएसडीवर जायचंय, डेटा १२० जीबीच आहे, तरी पार्टक्लोन नाही म्हणतो कारण तो मूळ पार्टिशनचं माप बघतो. साइझची तपासणी बंद करायचा कॅपिटल सी ऑप्शन आहे, पण तो लावून लहान पार्टिशनवर ओतू नका, शेवटचे ब्लॉक बसायला जागाच नसेल. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून श्रिंक करा, मग नव्यानं इमेज घ्या. लिनक्स मशीनसाठी एफएसआर्काइव्हर हे टूल पण बघा, ते फाइलींच्या पातळीवर काम करतं म्हणून लहान पार्टिशनवर पण ओततं.

मधेच लाइट गेली तर?

पार्टक्लोनला थांबलेल्या जागेवरून पुढं जाता येत नाही, परत पहिल्यापासून. बॅकअप चालू असताना गेली तर मूळ डिस्कला काही होत नाही, कारण तिच्यावर आपण लिहितच नाही, फक्त अर्धवट इमेज डिलीट करून टाका, ठेवली तर नंतर कुणीतरी तीच चांगली समजून वापरेल. रिस्टोर चालू असताना गेली तर ते पार्टिशन निकामी, पण इमेज शाबूत, परत ओता.

आपल्याकडे लोडशेडिंगचं वेळापत्रक बघूनच काम लावावं लागतं. इन्व्हर्टरवर विसंबू नका, बरेच साधे इन्व्हर्टर लाइट गेल्यावर जो क्षणभर घेतात तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होतो, पीसीला यूपीएस पाहिजेच. शक्य असेल तर डिस्क काढून लॅपटॉपला लावा आणि लॅपटॉपवरून इमेज घ्या, बॅटरी चांगली असेल तर लाइटची चिंता नाही, फक्त बाहेरची मोठी डिस्क वेगळ्या ॲडॅप्टरवर चालणारी नसावी.

मे महिन्यात बॅकअप घेताना डिस्क खूप तापते, चालेल का?

जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४५ च्या पुढं जातो आणि पत्र्याच्या शेडमधल्या ऑफिसात त्याहून जास्त. बऱ्याच हार्ड डिस्कची मर्यादा ६० अंशांची असते. बाहेरच्या प्लॅस्टिकच्या डबीतली डिस्क दोन तास सलग लिहीत राहिली की तिथं पोचायला वेळ लागत नाही. स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी दिलं की टेम्परेचर दिसतं. ५० च्या वर गेलं की मी पंख्यासमोर ठेवतो, ५५ ला थांबवतो. उन्हाळ्यात हे काम सकाळी सहा-सातला लावा, तेव्हा लाइटही जरा टिकते. आणि डिस्क गाडीच्या डिकीत टाकून दुपारी गावोगाव फिरू नका, हे मी स्टुडिओवाल्या पोरांना प्रत्येक उन्हाळ्यात सांगतो.

चार जीबी झाल्यावर इमेज लिहिणं थांबतं.

तुमची बॅकअपची डिस्क फॅट३२ आहे, तिच्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. तिला एनटीएफएस किंवा ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. ते शक्यच नसेल तर आउटपुट पाइपमधून स्प्लिट -बी ४०००एम कडे द्या, रिस्टोरला कॅटनं तुकडे जोडून द्यायचे.

“भो, मन्ही डिस्क कटकट आवाज करस, आते काय करू?”

मशीन बंद कर, आत्ता, मग बाकीचं. आवाज करणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क चालवायचं नाही, डीफ्रॅग नाही, दहा वेळा रीस्टार्ट करून बघायचं नाही. तिच्यात किती दम उरलाय ते कुणाला माहीत नसतं, म्हणून प्रत्येक मिनिट डेटा काढण्यातच गेलं पाहिजे.

पार्टक्लोनला खराब सेक्टर भेटला की तो थांबतो. कॅपिटल आर म्हणजे रेस्क्यूचा ऑप्शन लावला तर पुढं जातो, पण मरायला टेकलेल्या डिस्कसाठी ते हत्यार नाही. तिथं जीएनयू डीडीरेस्क्यू. तो आधी चांगला भाग भराभर काढून घेतो, अवघड जागा नंतरसाठी ठेवतो, आणि काय झालं काय राहिलं याची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतो, त्यामुळं लाइट गेली किंवा डिस्क गार होऊ द्यायला थांबवलं तरी तीच कमांड परत दिली की तिथूनच पुढं:

डीडीरेस्क्यू -एन /डेव्ह/एसडीबी डिस्क.आयएमजी डिस्क.मॅप

नंतर -एन काढून -आर३ लावून दुसरी फेरी, म्हणजे खराब जागी तीनदा प्रयत्न. मॅप फाइल विसरू नका, तिच्याशिवाय सगळा फायदा गेला. दुरुस्ती जी करायची ती नंतर इमेजच्या कॉपीवर. डिस्क फिरतच नसेल किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर हे पण करू नका, डेटा खरंच किमती असेल तर रिकव्हरी लॅबच.

पूर्ण रिस्टोर न करता इमेजमधून एकच फाइल काढता येईल का?

थेट नाही, पार्टक्लोनची इमेज माउंट होत नाही. रिस्टोर करताना आउटपुटला पार्टिशनऐवजी फाइलचं नाव द्या आणि --रिस्टोर_रॉ_फाइल हा ऑप्शन लावा, मग ती रॉ फाइल लूप डिव्हाइस म्हणून, म्हणजे डिस्क असल्यासारखी, फक्त वाचण्यापुरती माउंट होते. फाइलचं माप पूर्ण पार्टिशनएवढं दिसेल, घाबरू नका, ईएक्सटी४ वर असेल तर खरी जागा डेटाएवढीच खाते. वारंवार एकेक फाइल लागत असेल तर मग तुम्हाला इमेज नाही, रोजची फाइल कॉपी पाहिजे.

सगळं रिस्टोर झालं पण विंडोज बूट होत नाही.

बायोसमध्ये बूट मोड बघा, यूईएफआयचं विंडोज लेगसीवर चालणार नाही. मग स्टोरेजचा मोड, एएचसीआय की रेड, जुन्या मशीनवर जो होता तोच ठेवा, नाहीतर निळ्या स्क्रीनवर बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून येतं. तरी नाही झालं तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून कमांड प्रॉम्प्ट उघडून बीसीडीबूट सी:\विंडोज द्या, पण आधी डिरनं बघा की तिथं सी म्हणजे खरंच तुमचा सी आहे, पेनड्राइव्हवरून बूट केलं की अक्षरं बदलतात. लिनक्स असेल तर लाइव्हमधून सीएचरूट करून (म्हणजे डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरून) ग्रब हा त्याचा बूटलोडर परत बसवायचा.

बिटलॉकर असलेल्या लॅपटॉपचं काय?

बिटलॉकर म्हणजे विंडोजचं डिस्क एन्क्रिप्ट करणारं कुलूप, त्यामुळं पार्टक्लोनला आतली एनटीएफएस दिसतच नाही. एकतर विंडोजमधून बिटलॉकर पूर्ण बंद करा, डिक्रिप्ट व्हायला वेळ लागतो, मग इमेज घ्या, किंवा डीडीनं पूर्ण पार्टिशन जसंच्या तसं उचला. विंडोज ११ च्या बऱ्याच नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटनं लॉगिन केलं की एन्क्रिप्शन आपोआप चालू झालेलं असतं आणि मालकाला पत्ताच नसतो. ४८ आकडी रिकव्हरी की आधी काढून कागदावर लिहून ठेवा. ती नसेल तर इमेज असून उपयोग नाही.

क्लोन केलेल्या दोन्ही डिस्क एकाच मशीनला लावल्या तर चालतील का?

लावू नका. दोन्हींचे यूयूआयडी (फाइलसिस्टीमचे ओळख क्रमांक) सारखे असतात, लिनक्स कुठलीही एक माउंट करू शकतं. एक्सएफएस तर सरळ नकार देतं आणि बीटीआरएफएसमध्ये डेटा बिघडण्याची भीती आहे. लावायच्याच असतील तर आधी एकीचा यूयूआयडी बदला, ईएक्सटी४ ला ट्यून२एफएस, तिथं कॅपिटल यू आणि पुढं रँडम.

इमेज किती दिवसांनी घ्यायची आणि ठेवायची कुठं?

जिनिंगवाल्यांची मी पोळ्याच्या आसपास घेतो, दिवाळीपासून कापूस सुरू झाला की ते मशीन दोन तास सोडत नाहीत. स्टुडिओवाल्यांची तुळशीच्या लग्नाआधी. केळीच्या व्यापाऱ्यांना असा मोकळा काळ जवळपास नसतोच, रावेर-यावलकडं गाड्या चालूच असतात, त्यांची दर दोन महिन्यांनी अमावस्येला, त्या दिवशी बऱ्याच जणांचं काम कमी असतं. यात शास्त्र काही नाही, माणूस कधी मोकळा आहे तेवढं बघायचं.

दोन डिस्कवर ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. ऑफिसातल्या ऑफिसात दोन ठेवल्या आणि शॉर्टसर्किट झालं तर दोन्ही जातात, आणि कापसाच्या ठिकाणी आगीचं मी वेगळं सांगायला नको. काम झालं की डिस्क मशीनपासून काढा, लावून ठेवली तर रॅन्समवेअर आलं की तिचंही कुलूप लागतं. डिस्कच्या डब्यात एक कागद घाला: तारीख, कुठलं मशीन, कुठल्या पार्टिशनची इमेज कुठल्या नावानं आहे, आणि रिस्टोरची कमांड, पेननं लिहिलेली. रिस्टोर करायची वेळ येईल तेव्हा मशीन बंद पडलेलं असेल आणि ही कमांड पण त्याच मशीनवर सेव्ह करून ठेवलेली असेल तर वाचता येणार नाही. मी गावात नसलो तर दुसऱ्या कुणालाही त्या कागदावरून करता आलं पाहिजे.